मागच्या चाकांचे बोल्ट

चातुर्मासात साधु-साध्वीजींच्या दर्शनार्थ आपली कुटुंबे गावोगावी जातात. जालन्याच्या गुरु गणेश तपोधामात येणाऱ्या मोटारींत पाच-सहा माणसे आणि मागे सामान असतेच. एरवी त्याच मोटारीतून मोंढ्यातील बियाण्यांच्या पिशव्याही जातात. या भाराचा मोठा वाटा मागच्या चाकांवर येतो. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाल्यापासून तीच मोटार ताशी १२० किलोमीटरपर्यंत धावू लागली आहे. म्हणून मागील सस्पेन्शनचे बोल्ट कसे आवळले जातात, हे मालकाला ठाऊक असावे.

बहुतेक लहान मोटारींत मागची दोन्ही चाके एका आडव्या बीमने जोडलेली असतात व हा बीम दोन रबरी बुशांच्या आधारे सांगाड्याला अडकवलेला असतो. बुशाच्या मध्यभागी लोखंडी नळी असून रबर तिला घट्ट चिकटवलेले असते. बोल्ट आवळला की नळी जखडली जाते. पुढे चाक वरखाली झाले तरी नळी फिरत नाही. रबरच पिळले जाते आणि पुन्हा सुटते.

गॅरेजमध्ये गाडी उचलली की चाके खाली लोंबतात. मिस्त्रीने त्याच अवस्थेत बोल्ट पूर्ण आवळला, तर ती लोंबती अवस्था रबराची विसाव्याची जागा ठरते. गाडी जमिनीवर येताच रबराला पीळ बसतो आणि गाडी रात्रभर दारात उभी असली तरी तो सुटत नाही. वर खड्ड्यांचे धक्के. बुश अकाली चिरते, मागून खटखट सुरू होते आणि आपण म्हणतो, माल हलका निघाला! वास्तविक मालाचा दोष नसतो.

म्हणून बोल्ट आधी बेताचेच आवळावेत. गाडी चाकांवर उतरवून, किंवा बीमखाली जॅक देऊन चाके नेहमीच्या उंचीला आणून, मगच अखेरचा जोर द्यावा. शॉकअॅब्सॉर्बरच्या खालच्या बुशालाही बहुधा हाच नियम लागू पडतो. जोर किती, हे प्रत्येक मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये न्यूटन-मीटरमध्ये दिलेले असते व ते टॉर्क रेंचनेच साधते. एक फुटी पान्याच्या टोकाशी तीस किलोचा जोर दिला की सुमारे नव्वद न्यूटन-मीटर होतात. पान्याला तेवढीच लांब नळी जोडली तर त्याच जोराचे दुप्पट होतात, बोल्ट ताणला जातो आणि आटे बिघडतात. घट्ट म्हणजे सुरक्षित, ही समजूत सोडावी. नायलॉनचे कडे असलेले नट तर प्रत्येक वेळी नवेच घालावेत.

बँकेत एकाने केलेली नोंद दुसरा तपासून संमत करतो. गॅरेजमध्येही आवळलेल्या प्रत्येक बोल्टवर दुसऱ्या माणसाकडून रंगाची रेघ मारून घ्यावी. त्यासाठी कोणी थोडे अधिक पैसे मागितले तर घासाघीस करू नये. दुकानाच्या पिकअपला मागे पाट्यांच्या स्प्रिंगा असतात. त्या उघडल्या असतील, तर काहीशे किलोमीटर धावल्यावर यू-बोल्ट पुन्हा तपासून घ्यावेत, कारण पाट्या बसतात आणि नट सैल पडतात.