आंब्यावरील वांदा तोडूं नये

आमच्या चाकूर भागांत जुन्या आंब्याची सफाई करावयाची म्हणजे फांदीवर जें जें परकें हिरवें दिसेल तें तें कोयत्यानें छाटावयाचें, अशी रीत पडली आहे. बांडगुळापुरती ही रीत योग्यच आहे. परंतु त्याच घावांत वांदा, ज्यास कोणी रास्ना म्हणतात, तोही जातो. आमच्या मतें हा अन्याय आहे. आणि दोघांचीं मुळें निरखून न पाहणें, हेंच त्याचें कारण होय.

घोटाळ्यास प्रारंभ नांवापासूनच झाला. संस्कृतांत ‘वन्दा’ हा शब्द झाडावर पोसणाऱ्या परोपजीवी वनस्पतीस लावीत. तोच पुढें पाश्चात्य शास्त्रांत शिरला, व 1820 सालीं रॉबर्ट ब्राउन यांनीं ‘व्हँडा’ या नांवानें ऑर्किडांची एक प्रजाति प्रसिद्ध केली. नांव चोराचें मिळालें म्हणून धंदाही चोरीचा ठरत नाहीं.

बांडगुळाची गोष्ट निराळी. फुलटोच्यासारखे चिमुकले पक्षी त्याच्या चिकट बिया फांदीवर टाकितात. अंकुर साल भेदून आंत शिरतो आणि आंब्याच्या लाकडांतून पाणी व क्षार ओढूं लागतो. त्या जागीं गांठ येते व फांदीचा पुढील शेंडा खंगत जातो. वांद्याचीं मुळें सालीस वरच्यावर बिलगतात, किंवा अधांतरीं लोंबतात. आंत शिरत नाहींत.

मग त्यास पाणी कोठून मिळतें? मुळाभोंवतीं मृत व पोकळ पेशींचें अनेक थरांचें वेष्टन असतें. त्यास शास्त्रज्ञ व्हेलामेन म्हणतात. कोरडेपणीं त्यांत हवा असल्यामुळें मूळ रुपेरी पांढरें दिसतें. सर पडतांच तें टीपकागदाप्रमाणें भरून जातें, आणि आंतील हरितद्रव्य झळकून मूळ हिरवें होतें. भरण्यास कांहीं सेकंद पुरतात. वाळण्यास मात्र कित्येक तास लागतात. त्या अवधींत पाणी आंतल्या थरांतील पातळ पेशींच्या दारांतून मुळाच्या गाभ्यांत जातें. त्या थराच्या इतर पेशी जाड भिंतींच्या असल्यानें तें सहजीं परत फिरत नाहीं. दीर्घ मुदतीचा सांठा मुळाच्या गरांत व जाड पानांत राहतो. पानांचीं रंध्रें बहुतांशीं रात्रीं उघडतात, म्हणून उन्हांत खर्चही थोडा. केवळ हवेंतील वाफेवर हें झाड जगतें असा समज आहे, तो खरा नव्हे; त्यास पाऊस किंवा दंव यांचें प्रत्यक्ष पाणी लागतें.

पहिल्या सरीचें पाणी फांदीवरील धूळ व क्षार धुऊन आणतें, म्हणून तेंच सर्वांत सकस. आणि हें वेष्टन नेमकें तेंच धरून ठेवितें, असें अनुमान फ्रिट्स वेंट यांनीं 1940 सालीं मांडलें होतें. 2013 सालीं झोट्स व विंकलर या जर्मन संशोधकांनीं केलेल्या प्रयोगांनीं त्यास पुष्टि दिली. तात्पर्य, वांद्याची जमा वाहून जाणाऱ्या पाण्यांतून होते. आंब्याच्या खात्यास तो हात लावीत नाहीं.

कोणी म्हणतील, फांदीवर भार तरी होतोच ना? बारीक फांदीवर मोठा गड्डा असल्यास ही शंका रास्त आहे. अशा वेळीं तो मुळांसकट हळूच सोडवून थोर फांदीवर सुंभानें बांधावा, फेकूं नये. कारण वांद्याचें बीं धुळीसारखें सूक्ष्म असून त्यांत अन्नाचा सांठा नसतो. योग्य बुरशीची सोबत मिळाली तरच तें रुजतें. एका घावानें गेलेला वांदा त्याच आमराईंत पुन्हा दिसण्यास वर्षें लागतात, आणि जुना आंबाच तोडला तर त्याचें घरच नाहींसें होतें.

ओळख पटविणें अवघड नाहीं. संशयाच्या जागीं तांब्याभर पाणी ओतावें. पांढरें मूळ पाहतां पाहतां हिरवें झालें, तर तो वांदा. तसें मूळ नसून फांदींत गांठ रोवलेली आढळली, तर तें बांडगूळ. तें फळावर येण्यापूर्वीं गांठीच्या खालून फांदीसकट कापावें. नुसतीं पानें छाटल्यास तें पुन्हा फुटतें.

ज्या लातूर जिल्ह्यास 2016 सालीं मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, तेथें आपण बांधबंदिस्ती करून पहिला पाऊस शेतांत अडवूं पाहतों. तेंच काम फांदीवर बिनखर्चानें करणाऱ्या झाडास आपणच कोयता लावावा, हें आम्हांस शोभत नाहीं. यंदा आमराईच्या सफाईस मजूर लावण्यापूर्वीं मालकानें स्वतः झाडाखालीं उभें राहून ही निवड करून द्यावी, अशी कास्तकार बंधूंस आमची विनंति आहे.