आषाढातील रोप आणि वैशाखातील पाणी

मृगाच्या सरी कोसळू लागल्या की मराठवाड्यात पेरणीबरोबर वृक्षारोपणाचाही हंगाम सुरू होतो. कार्यालयांच्या आवारांत खड्डे खोदले जातात, रोपे येतात, मान्यवर येतात, छायाचित्रे निघतात आणि दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत रोपांची संख्या प्रसिद्ध होते. पुढील वैशाखात त्याच खड्ड्यांपाशी जाऊन उरलेली रोपे मोजण्याचा प्रघात मात्र अद्याप पडलेला नाही. राज्य शासनाने २०१६ साली २ कोटी, २०१७ साली ४ कोटी, २०१८ साली १३ कोटी आणि २०१९ साली ३३ कोटी वृक्षांचे चढते संकल्प सोडले. त्यांतील किती झाडे जगली यावरून वाद एवढा वाढला की २०२१ साली विधिमंडळ सदस्यांची चौकशी समिती नेमावी लागली.

या पार्श्वभूमीवर लातूर शहरातील एका उद्योगाची दखल घेणे अगत्याचे वाटते. ‘ग्रीन लातूर वृक्ष टीम’ या नावाने एकत्र आलेल्या नागरिकांनी २०१९ च्या जूनमध्ये रोज सकाळी, आपापल्या कामधंद्याला जाण्यापूर्वी, शहरातील झाडांसाठी श्रमदान करण्यास प्रारंभ केला आणि सलग एक हजार दिवसांचा टप्पा केव्हाच मागे टाकला. दुभाजकांत व रस्त्यांच्या कडेला रोपे लावणे, टँकरने पाणी देणे, आळी करणे, बुंध्यांत ठोकलेले खिळे आणि जाहिरातींच्या पाट्या काढणे, असे या कामाचे स्वरूप. यात उद्घाटनाला फारसा वाव नाही, हेही एक परीने बरेच झाले.

हे काम लातुरात व्हावे, याला विशेष अर्थ आहे. २०१६ चा उन्हाळा वाचकांच्या स्मरणात असेल. धनेगाव येथील मांजरा धरण कोरडे पडले होते. पाणी भरण्याच्या ठिकाणी गर्दी होऊन मारामाऱ्या होऊ नयेत म्हणून मार्च महिन्यात जमावबंदीचे १४४ वे कलम लागू करावे लागले. १२ एप्रिल रोजी मिरजेहून १० टाक्यांत सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वेगाडी लातूर स्थानकात आली. पुढे ५० टाक्यांची गाडी येऊ लागली आणि पावसाने आधार देईपर्यंत या गाड्या चालू राहिल्या. ज्या गावी प्यावयाचे पाणी आगगाडीने आले, त्या गावी बागेला पाणी मागणे हा उद्धटपणाच ठरला असता. तरीही तीनच वर्षांनी त्याच गावातील माणसे झाडांना पाणी घालण्यासाठी पहाटे उठू लागली. जिल्ह्याचे वनक्षेत्र एकूण क्षेत्रफळाच्या एक टक्काही भरत नाही. सावली म्हणून जी काही आहे ती शेताच्या बांधावर, शाळेच्या पटांगणात आणि शहराच्या उद्यानांत आहे. अशा ठिकाणी उद्यान ही चैनीची वस्तू राहत नाही.

मराठवाड्याला बागांचा इतिहास नाही असे नव्हे. परंतु तो राज्यकर्त्यांच्या बागांचा इतिहास आहे. छत्रपती संभाजीनगरची हिमायतबाग मोगल काळातील. तेथे आज कृषी विद्यापीठाचे फळसंशोधन केंद्र आहे. निजामी राजवटीत सार्वजनिक म्हणावी अशी मोठी बाग, बागे-आम, राजधानी हैदराबादेत होती. त्या संस्थानात लातूर हे उस्मानाबाद जिल्ह्यातील व्यापारी पेठेचे गाव होते. स्वतंत्र जिल्हा होण्यास १९८२ साल उजाडावे लागले. मुंबईला १८६२ साली राणीची बाग मिळाली. पेठेच्या गावाला अशी बाग कोणी आंदण दिली नाही; तिची सावली तिलाच रोपारोपाने उभी करावी लागत आहे.

आता बागेचे वर्ष कसे जाते ते पाहावे. ज्येष्ठ-आषाढात लावलेले रोप श्रावण-भाद्रपदात आपोआप वाढते. तेव्हा त्याला माणसाची गरज केवळ तण काढण्यापुरती. सप्तपर्णीच्या फुलांचा उग्र गंध संध्याकाळी रस्त्यांवर दरवळू लागला की ऑक्टोबरचे ऊन तापते आणि रोपाची पहिली परीक्षा होते. थंडीत ती जरा सैलावते. माघ-फाल्गुनात कडुनिंबाची पानगळ होते, शिवारात पळस पेटतो. चैत्रात निंब मोहरतो आणि पाठोपाठ बहावा पिवळ्या झुंबरांनी लगडतो. डोळ्यांना हा काळ उत्सवाचा. कोवळ्या रोपाला मात्र हाच प्राणघातक. आपली काळी जमीन वाळली की तिला हात-हात भेगा पडतात. त्या भेगांतून ओल उडून जाते आणि नाजूक मुळे तुटतात. आळ्यात पालापाचोळ्याचा थर अंथरला तर ओल टिकते, हे कोणताही शेतकरी सांगेल. आपल्या शहरांत मात्र नेमक्या याच दिवसांत झाडून गोळा केलेला पाला कोपऱ्यात पेटवून दिला जातो.

चैत्र-वैशाखात रोपाला सर्वाधिक पाणी लागते आणि त्याच सुमारास, ३१ मार्चला, सरकारी आर्थिक वर्ष संपते. जुन्या कंत्राटाची मुदत सरलेली, नव्या तरतुदीला मंजुरी यावयाची, मग निविदा, मग कार्यादेश. कार्यालयीन कामकाजाशी परिचित असलेल्या वाचकास अधिक सांगणे नलगे. हे सोपस्कार पुरे होईतो वैशाख उलटतो. लातुरातील नागरिक टँकर घेऊन उभे राहतात ते या फटीत.

त्यांच्याविषयी पूर्ण आदर बाळगूनही एक शंका येथे मांडणे भाग आहे. श्रमदानाचे कौतुक करीत करीत माळ्याची जागा रिक्त ठेवण्याचा मोह कोणत्याही प्रशासनाला होऊ शकतो. फुकट हात मिळत असतील तर पगारी हात कशाला, असा तो हिशेब. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम १९७५ सालचा आहे. त्यानुसार नगरपालिका व महापालिकांवर वृक्ष प्राधिकरण स्थापण्याची आणि दर पाच वर्षांनी झाडांची गणना करण्याची जबाबदारी आहे. वृक्ष उपकराची तरतूदही याच कायद्यात आहे. म्हणजे नागरिकाने झाडासाठी कर भरावयाचा आणि पहाटे उठून पाणीही त्यानेच घालावयाचे, असा दुहेरी भार त्याच्यावर पडतो. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरील झाडाला वारसा वृक्ष म्हटले आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी रोपे लावण्याचा दंडक घातला. दंडक चांगला आहे. पण साठ वर्षांच्या वडाच्या मोबदल्यात लावलेली साठ रोपे दुसऱ्या वैशाखापर्यंत वाळून गेली, तर तो कागदावरच पाळला गेला असे म्हणावे लागेल.

स्वयंसेवकांना पाण्याच्या बादलीपलीकडेही काम आहे. ते राणीच्या बागेने दाखविले. २००७ साली त्या उद्यानाच्या पुनर्रचनेचा खर्चिक आराखडा पुढे आला, तेव्हा काही नागरिकांनी तेथील सुमारे तीन हजार झाडांची बारकाईने नोंद केली आणि त्या नोंदीच्या बळावर वर्षानुवर्षे हरकती घेतल्या. पुढे तेथे पेंग्विन आले ते आलेच. परंतु मूळ आराखडा जसाच्या तसा अमलात आला नाही. आपल्याकडे एवढ्या चिकाटीने यादी करणारे विरळा.

नांदेडचा प्रश्न थोडा निराळा आहे. तेथे गोदावरी आहे, वरच्या अंगाला विष्णुपुरीचा जलाशय आहे. तीन बाजूंनी नदीने वेढलेल्या नंदगिरी किल्ल्यात पाणीपुरवठ्याची यंत्रणा आणि बाग शेजारी-शेजारी आहेत. पाणी हाताशी असलेल्या शहराने लातूरच्या तुलनेत हिरवे राहावे, ही अपेक्षा अवाजवी नव्हे. सेवेची परंपराही तेथे बाहेरून आणावयाची नाही. दिवाळीच्या सुमारास तख्तस्नानासाठी गोदावरीच्या घागरी वाहून नेणारे हजारो हात त्या शहराने पाहिले आहेत. त्यांतले थोडे हात किल्ल्यातील झाडांकडे वळले तर नदीपर्यंतची चाल फार मोठी नाही.

दोन्ही महापालिकांकडे मागणी एकच करावीशी वाटते. पावसाळ्यात लावलेल्या रोपांचा आकडा जेथे छापला जातो, तेथेच पुढील अक्षय्यतृतीयेला जिवंत रोपांचा आकडा छापावा. ही मोजणी महाविद्यालयांतील राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांकडून करून घेता येईल. शिबिरे बहुधा हिवाळ्यात होतात, त्यांतील दोन दिवस वैशाखासाठी राखून ठेवावे. त्या दिवसांत परीक्षा असतात किंवा सुट्या लागलेल्या असतात, ही अडचण खरी आहे. तिच्यावर तोड काढण्यासाठी प्राध्यापकांनी लातुरात एखाद्या सकाळी सहा वाजता टँकरपाशी उभे राहून त्या मंडळींनाच विचारावे.