जुन्या मोटारीतील लाकडी पेटी

फोर्ड कंपनीच्या 'मॉडेल टी' मोटारीचे नाव तुम्ही ऐकलेच असेल. १९०८ ते १९२७ या काळात अशा दीड कोटींहून अधिक मोटारी निघाल्या. आज असे एखादे वाहन कोणाला लाभले की त्याचे लक्ष रंगाकडे व पितळेच्या दिव्यांकडे जाते. माझ्या मते त्या मोटारीचे खरे मर्म चालकासमोरील पेटीत आहे, आणि तिच्या जीर्णोद्धाराच्या वादात मी एका पक्षाचा आहे, हे आरंभीच सांगतो.

या पेटीत चार वेटोळी असतात, एकेका नळकांड्यासाठी एकेक, आणि प्रत्येक वेटोळे स्वतःच्या छोट्या लाकडी डबीत डांबरासारख्या लुकणात बसविलेले असते. वरची पोलादी पट्टी सेकंदाला शंभराहून अधिक वेळा थरथरते व प्रवाह जोडते-तोडते. प्रवाह तुटताच बारीक तारेच्या असंख्य वेढ्यांत हजारो व्होल्टचा दाब उत्पन्न होऊन ठिणगी पडते. फॅरेडेने १८३१ साली दाखविलेले प्रवर्तन ते हेच! मोटार सुरू होताना या पेटीतून भुंग्यासारखा गुंजारव ऐकू येतो.

आता लाकडाचा गुणदोष पाहा. कोरडे लाकूड विजेला अडविते, ओले लाकूड तिला वाट देते. आम्हां कोकणी माणसांना हे कोणी शिकवावे लागत नाही. पावसाळ्यात फुगून चौकटीत अडकलेले दार घरोघरी असते. सुरतकरांनाही ऑगस्ट २००६ मधील तापीच्या पुरानंतर घरातील लाकडी सामानाची काय दशा होते ते ठाऊक आहे. पेटीच्या अस्तरात दमटपणा शिरला की ठिणगी लाकडावरूनच पळते. ज्या वाटेने ती जाते ती वाट जळून कोळसा होते, आणि कोळसा तर विजेचा वाहक! मग लाकूड पुन्हा वाळले तरी ती चोरवाट मिटत नाही.

यावर काही लोक सोपा उपाय करतात. बाहेरची पेटी पॉलिश करून ठेवावयाची आणि आत आधुनिक यंत्रणा लपवावयाची. मोटार धावते, पाहुणे प्रसन्न होतात; परंतु तो गुंजारव नाहीसा होतो. ही मला जीर्णोद्धाराच्या नावाखाली चाललेली फसवणूक वाटते. उलट काही अतिसोवळे लोक जळके अस्तरही बदलू देत नाहीत. त्यांचेही मला पटत नाही. अस्तर जळले असेल तर तेथे विजेला अडविणारा नवा पत्रा बसवावा. मात्र कोठे काय बदलले ते लिहून ठेवावे. प्रत्येक डबीची एक फळी सरकवून, लुकण उकरून, जीर्ण झालेला कागदी धारित्र बदलावा. तारेचे वेढे शाबूत असल्यास त्यांना हात लावू नये. डबीचे सांधे निखळले असतील तर सरसाने जोडावेत. डबी फेकू नये.

असे सांधे जोडणारा हात आता शोधावा लागतो. पूर्वी सुरतेची सदेली प्रसिद्ध होती: निरनिराळ्या लाकडांच्या व हस्तिदंताच्या बारीक काड्या एकत्र चिकटवून, त्यांचे आडवे काप काढून पेट्यांवर नक्षी जडवावयाची. हस्तिदंताला आता कायद्याची बंदी आहे, ते योग्यच. पण त्याबरोबर लाकूडकामाची नजरही का जावी? पारशी समाजात 'पेटीगरा' हे आडनाव आहे. पेटी घडविणाऱ्याचा धंदा त्यात अजून ऐकू येतो.

मॉडेल टी विकत घेण्याची ऐपत आपणांपैकी फारच थोड्यांची. परंतु शाळांच्या प्रयोगशाळांतून प्रवर्तन-वेटोळे असते, आणि बिघडले की ते मोडीत निघते. ते हस्तव्यवसायाच्या तासाला द्यावे, अशी माझी शाळाचालकांना विनंती आहे. बॅटरी सोडवून, शिक्षकांच्या देखत, मुलांनी ते उघडावे. एक तास सुताराला बोलवावे, एक तास पदार्थविज्ञानाच्या शिक्षकांना. परीक्षेत यावर गुण नाहीत, हे पालकांनी मला सांगण्याची आवश्यकता नाही.