मुलांचं मन काळं असतं का?

आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाईंची मुलगी सुट्टीच्या दिवशी आईबरोबर येते. तिसरीत आहे. तिचं नाव इथे लिहीत नाही, नुसतं चिमणी म्हणते. आई मोरीत भांडी घासत होती आणि चिमणी माझ्याजवळ बसून मटार सोलत होती. सोलता सोलता म्हणाली,

"आजी, तुमचं मन काळं आहे का?"

मला हसू आलं. म्हटलं, "असेल थोडंफार. का गं?"

"माझं आहे. सगळ्यांचंच असतं, असं ताईंनी सांगितलं. मग येशूच्या रक्ताने ते पांढरं होतं." मग थोडा वेळ गप्प राहून म्हणाली, "आजी, आमच्या आबांना हे कुणी सांगितलंच नव्हतं. मग ते आता आगीत असतील का?"

तिचे आबा मागच्या वर्षी गेले. बिगारी काम करायचे. गळ्यात माळ, जमेल त्या आषाढीला पंढरपूर. आई कामावर गेली की या मुलीला सांभाळायचे तेच. तिची वेणीसुद्धा तेच घालायचे, वाकडीतिकडी का होईना. हे सगळं मला ठाऊक असल्यामुळे मला पटकन उत्तर सुचेना. चौतीस वर्षं शाळेत शिकवलं, पोरांच्या हजार प्रश्नांना तोंड दिलं, पण हा प्रश्न ऐकून मात्र पोटात कालवलं.

आमच्या सोसायटीच्या मागे वस्ती आहे. तिथे एका पत्र्याच्या खोलीत दर शनिवारी दुपारी एक तरुण मुलगी आणि तिची मैत्रीण येतात आणि वस्तीतली वीसेक मुलं गोळा करून त्यांना बायबल शिकवतात. गाणी असतात, चित्रं असतात. वचन पाठ केलं की पेन्सिल किंवा खोडरबर, शेवटी सगळ्यांना बिस्किटं. मुलं आवडीने जातात. का जाणार नाहीत? त्या वेळेला त्यांची विचारपूस करणारं दुसरं कुणी नसतं.

चिमणीने मला तिची छोटी वही दाखवली. त्यात एकही अक्षर नाही, नुसती रंगीत पानं. काळं म्हणजे पाप, लाल म्हणजे येशूचं रक्त, पांढरं म्हणजे धुतलेलं मन, सोनेरी म्हणजे स्वर्ग, हिरवं म्हणजे श्रद्धेत वाढत राहणं. ही काही आजची युक्ती नाही. लंडनचे प्रसिद्ध धर्मोपदेशक चार्ल्स स्पर्जन यांनी १८६६ साली काळा, लाल आणि पांढरा अशा तीन पानांच्या पुस्तकावर प्रवचन दिलं होतं. पुढे अमेरिकेतल्या मूडी यांनी सोनेरी पान जोडलं, हिरवं त्यानंतर आलं. आज जगभर मुलांच्या वर्गांत ही वही वापरतात. शिक्षिका म्हणून सांगते, साधन म्हणून ती अत्यंत प्रभावी आहे. अक्षरओळख नसलेल्या मुलालाही पाच मिनिटांत समजते आणि जन्मभर लक्षात राहते. माझी तक्रार नेमकी हीच आहे.

गैरसमज नको म्हणून आधीच स्पष्ट करते. मी बायबलच्या विरोधात नाही. उधळ्या पुत्राची आणि चांगल्या शोमरोन्याची गोष्ट मी वर्गात अनेकदा सांगितली आहे. रेव्हरंड टिळकांच्या कविता शिकवल्या आहेत आणि लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' मी आजही दरवर्षी एकदा वाचते. मराठीत मुलींच्या शिक्षणाची सुरुवात कुणी केली हे विसरण्याइतकी मी कृतघ्न नाही. अमेरिकन मिशनने १८२४ साली मुंबईत मुलींची शाळा काढली, तेव्हा आपले पूर्वज मुलगी शिकली तर विधवा होते असं म्हणत होते. जोतीराव फुले पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. त्यांनी बायबल वाचलं, मिशनऱ्यांशी चर्चा केल्या, त्यांची मदत घेतली, पण ख्रिस्ती झाले नाहीत. पुढे १८७३ साली त्यांनी स्वतःचा सत्यशोधक समाज काढला. वाचून, पारखून, हवं ते घेऊन नको ते सोडण्याइतकं त्यांचं वय आणि बुद्धी होती. रमाबाईही इंग्लंडमध्ये १८८३ साली ख्रिस्ती झाल्या त्या स्वतःच्या विचाराने. त्यांच्याइतकं संस्कृत येणारी माणसं तेव्हा पुण्यातही मोजकीच असतील. मोठ्या माणसाने आपला देव बदलला तर त्यात नाक खुपसण्याचा मला काही अधिकार नाही.

पण आठ वर्षांचं मूल म्हणजे रमाबाई नव्हेत.

ज्यांनी वर्गात शिकवलं आहे त्यांना मी काय म्हणते ते लगेच कळेल. "समजलं का?" असं विचारलं की सगळा वर्ग एका सुरात "हो बाई" म्हणतो. त्या "हो"ला काही अर्थ नसतो. मुलांना बाईंना खूश करायचं असतं. "येशूला मनात घ्यायला कोण कोण तयार आहे, हात वर करा" म्हटल्यावर वीसच्या वीस हात वर होणारच, त्यातून पुढ्यात बिस्किटाचा पुडा असेल तर बोलायलाच नको. तेवढ्या हातांवरून वीस आत्मे वाचले असं कुणी समजत असेल तर त्याला ना मुलं कळली, ना आत्मा कळला.

हा वाद आपल्याकडे फार जुना आहे. १८४३ साली मुंबईत श्रीपत शेषाद्रीचं प्रकरण झालं. मिशनऱ्यांच्या शाळेतला नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाला आणि त्याचा बारा-एक वर्षांचा धाकटा भाऊ श्रीपतही मिशनऱ्यांकडे राहू लागला. वडील कोर्टात गेले. मुलगा लहान आहे, त्याचा ताबा बापाकडेच, असा निकाल न्यायमूर्ती पेरी यांनी दिला. निकाल देणारा इंग्रज होता आणि ख्रिस्ती होता, हे लक्षात घ्या. खरी गंमत पुढे आहे. मुलगा घरी आला, तर आपल्याच लोकांनी आरडाओरडा केला की हा बाटला, याला जातीत घेता येणार नाही! त्याला प्रायश्चित्त देऊन परत घ्यावं म्हणून बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले आणि त्यांनी सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. म्हणजे एका बाजूने पोराला ओढणारे आणि दुसऱ्या बाजूने त्याच पोराला दार लावून घेणारे. पोराला काय वाटलं, हे दोन्हीकडच्या किती जणांनी विचारलं असेल?

रमाबाईंच्या शारदा सदनाचंही तसंच. १८८९ साली मुंबईत सुरू झालेलं सदन पुढच्या वर्षी पुण्यात आलं. रमाबाई आपल्या खोलीचं दार उघडं ठेवून प्रार्थना करायच्या, मुली येऊन बसायच्या. मी कुणाला बोलावत नाही आणि कुणाला हाकलणारही नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. १८९३ साली रानडे, भांडारकरांसारख्या सल्लागारांनी अंग काढून घेतलं आणि कितीतरी पालकांनी मुली घरी नेल्या. मी मनाने बरीचशी रमाबाईंच्या बाजूची आहे, पण एक गोष्ट मान्य करावी लागते. ज्या बालविधवेला जगात दुसरं कुणी विचारत नाही, तिच्या दृष्टीने तिला पोटाशी धरणाऱ्या बाईची प्रार्थना ही नुसती प्रार्थना राहत नाही. उपकाराचं ओझं मोठं असतं. ते लहान जिवावर ठेवताना देणाऱ्यानेच जपायला हवं.

आता आजच्याकडे येते. चिमणीच्या प्रश्नाचं मी आमच्या सोसायटीतल्या एकीला बोलून दाखवलं आणि संध्याकाळपर्यंत व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर रण पेटलं. हाकलून द्या. पोलिसांत द्या. चार पोरं घेऊन जातो, पुन्हा पाऊल टाकणार नाहीत. मी इतकंच लिहिलं, "वस्तीतल्या वीस मुलांपैकी एकाचं तरी नाव इथे कुणाला माहीत आहे का?" बराच वेळ शांतता. मग एकाने हात जोडल्याचं चित्र पाठवलं. संपली चर्चा.

"चार पोरं घेऊन जातो" या वाक्याची मला मनापासून भीती वाटते. जानेवारी १९९९ मध्ये ओडिशातल्या मनोहरपूरला ग्रॅहम स्टेन्स या ऑस्ट्रेलियन मिशनऱ्याला त्याच्या गाडीत झोपलेला असताना जाळून मारलं. बरोबर त्याचे दोन मुलगे होते, एक दहा वर्षांचा, एक सहा वर्षांचा. तेही जळाले. मुलांना वाचवायचं म्हणून निघालेला जमाव शेवटी मुलांनाच जाळतो. धर्माच्या नावाने हात उचलणाऱ्यांना मी माझ्या बाजूचं मानत नाही आणि त्यांनीही मला आपल्यात धरू नये.

म्हणून पुढच्या शनिवारी मी एकटीच त्या खोलीवर गेले. वर्ग संपेपर्यंत मागे बसले. शिकवणारी मुलगी चांगली निघाली. मराठी गोड, मुलांवर माया खरी. माझ्याशी नम्रपणे बोलली. "काकू, आम्ही प्रेमाने सांगतो. जबरदस्ती कुणावरच नाही."

मी विचारलं, "आयांना माहीत आहे का इथे काय शिकवता?"

"संस्कार वर्ग आहे असं सांगितलंय."

"आणि चिमणीच्या आबांचं काय? तिला वाटतंय ते आगीत आहेत."

तिचा चेहरा उतरला. म्हणाली, "ते ठरवणारे आपण कोण, काकू? ते देवाच्या हातात."

"मग हे तिला का नाही सांगितलंस?"

यावर ती काही बोलली नाही. मीही जास्त ताणलं नाही.

आपल्या राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमाने धर्माचा प्रसार करण्याचं स्वातंत्र्य दिलं आहे, ते त्या मुलीलाही आहे. पण अठ्ठाविसाव्या कलमात असंही आहे की सरकारमान्य किंवा सरकारी अनुदानावरच्या शिक्षणसंस्थेत कुणालाही संमतीशिवाय धार्मिक शिक्षणात भाग घ्यायला लावता येणार नाही, आणि मूल अज्ञान असेल तर ही संमती पालकाची हवी. पत्र्याच्या खोलीला हे कलम कायद्याने लागू होत नसेल, पण त्यामागचा विचार कुठल्याही खोलीला लागू व्हायला हरकत नाही. "संस्कार वर्ग" या शब्दामागे लपून घेतलेली संमती ही संमती नव्हे. बायबल शिकवता तर बायबल शिकवतो म्हणा. आईला आत बसू द्या. ती ऐकेल, आणि मग पाठवायचं की नाही ते ठरवेल. त्या आया अडाणी असतील, पण त्यांना आपलं मूल कळतं.

दुसरं म्हणजे, भीती दाखवू नका. देव प्रेमळ आहे असं म्हणायचं आणि त्याच तासाला पोराच्या मनात आग पेटवायची, हे कुठल्या प्रेमात बसतं? भिऊन बसलेली श्रद्धा वाढत नाही, ती नुसती दबा धरून राहते. आणि तिसरं, पेन्सिल द्यायची तर सगळ्यांना द्या. वचन पाठ करणाऱ्यालाच दिलीत तर तो व्यवहार झाला.

हे तिन्ही नियम फक्त त्यांच्यासाठी आहेत असं मात्र कुणी समजू नये. "देवबाप्पा कान कापील" हे आपण मुलांना किती सहज म्हणतो! मी स्वतः वर्गात सांगितलेलं आहे, की पुस्तकाला पाय लागला तर सरस्वती कोपते आणि पेपर अवघड जातो. एका मुलाचा चुकून पाय लागला, तर तो परीक्षेच्या दिवशी रडत आला होता. तेव्हा मी हसले होते. आता हसू येत नाही. आपल्याकडच्या संस्कार वर्गांतही दुसऱ्यांच्या देवाबद्दल काय काय सांगतात ते मी ऐकलं आहे. भीती आपल्या देवाची असली म्हणून ती संस्कार होत नाही.

आणि ज्यांना राग आलाय त्यांनी इतिहासाची दुसरी बाजूही आठवावी. शारदा सदनावर टीका करणारे पुष्कळ होते. पण सदनात राहून शिकलेल्या गोदूबाईंशी १८९३ सालीच लग्न करणारे, आणि १८९६ साली अनाथ बालिकाश्रम मंडळी काढून विधवांच्या शिक्षणाचं काम हाती घेणारे धोंडो केशव कर्वे एकच. बाकीच्यांच्या अग्रलेखांनी एकाही विधवेच्या हातात पाटी दिली नाही.

मी काही कर्वे नाही. गुडघे दुखतात, फार चालवत नाही. पण रविवारी सकाळी वस्तीच्या तोंडाशी पारावर गोष्टींची पुस्तकं घेऊन बसायला लागले आहे. पहिल्या रविवारी दोघंच आली, त्यातला एक बिस्किटं नाहीत म्हणून उठून गेला. परवा सात होती. ग्रुपवरच्या मंडळींना निरोप दिला आहे, अजून कुणी आलेलं नाही.

चिमणीला काय सांगितलं, ते राहिलंच. मी तिला म्हटलं, "तुझे आबा आगीत नाहीत. बाई सांगतायत ना, मग नाहीत." तिने लगेच मान डोलावली. म्हणजे मीही तेच केलं, बाईपणाचा अधिकार वापरून तिच्याकडून "हो" घेतलं. तिला खरंच पटलं की नाही, कोण जाणे. त्यानंतर ती त्याबद्दल काही बोललेली नाही, पण ती रंगीत वही अजून दप्तरात आहे, मी पाहिली. मी ती काढून घेतली नाही. आईला दाखव, एवढंच सांगितलं.