भिंत उभी, चारी कोरडी!

गिरणी कामगार बंधूंनो,

"धरनाशी आपल्याले काय करा लागते?" असा सवाल पाळी सुटल्यावर आपल्यातलाच एखादा करतो. सवाल रास्त आहे. अकोल्याची सावतराम बंद पडली, बडनेऱ्याची विजय बंद पडली, अचलपूरच्या फिनलेचे साचे २०२० मध्ये थांबले. पोटाला चिमटा बसलेला असताना पाटबंधाऱ्याची गोष्ट कोणाला गोड लागेल?

पण राजा, साच्यावर चढणारे सूत ज्या कापसाचे, तो कापूस आपल्याच कोरडवाहू रानातला. त्या रानात आपला थोरला भाऊ राबतो. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात विहिरीला पाणी लागते, पण ते ना पिकाला चालत, ना माणसाला. तिथे बाहेरून गोडे पाणी आणल्याशिवाय गत्यंतर नाही. पाऊस हुकला की तोच भाऊ वळकटी घेऊन शहरात येतो. बदलीवाल्यांची रांग लांबते आणि मजुरीचा दर पडतो. मग धरणाशी आपला संबंध नाही, हे कसे म्हणावे?

आता पैशाचा हिशेब. १९५३ च्या नागपूर करारात लोकसंख्येच्या प्रमाणात खर्च करण्याचे वचन होते. १ मे १९६० ला मराठी राज्य झाले. दांडेकर समितीने १९८४ मध्ये अनुशेष मोजला, तो साऱ्या राज्याचा ३,१८६ कोटी निघाला, आणि त्यात विदर्भाचे १,२४६ कोटी. पुढे सरकारी वहीत पाटबंधाऱ्याचा पैशाचा अनुशेष मिटला! शेत भिजण्याचा मात्र अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम या चार जिल्ह्यांत उरला. हजेरीबुकात माणूस हजर आणि साच्यावर कोणीच नाही, तसली ही गत.

मग २०१८ मध्ये बळीराजा जलसंजीवनी योजना आली. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रातले अडलेले ८३ लघु आणि ८ मोठे-मध्यम प्रकल्प तिने धरले. उरलेले काम १३,६५१ कोटींचे. केंद्राने चौथाई उचलावी, बाकी राज्याने नाबार्डचे कर्ज काढून भागवावे, असा बेत. मुदत २०२३-२४. मुदत सरली तेव्हा सगळी कामे पुरी झालेली नव्हती.

कर्ज काढू नये असे आम्ही म्हणत नाही. अडलेले काम सोडवायला पैसा लागतोच. पण तीन हिस्से कर्जाचे, आणि ते फेडणार राज्याची तिजोरी. तिजोरी भरतो कोण? काडेपेटीपासून धोतरजोडीपर्यंत कर देणारे तुम्ही आम्हीच. काम रखडले की व्याज चढते, भाव चढतो. गोसीखुर्दचा दाखला घ्या. १९८३ मध्ये ३७२ कोटींचे ते धरण पुढे अठरा हजार कोटींच्या वर गेले. फरकाचे पैसे कोणी दिले?

खरी खोट पैसा सोडण्याच्या रीतीत आहे. भिंत दिसते, तिचा फोटो निघतो, म्हणून भिंतीचे बिल लवकर निघते. भूसंपादन, पुनर्वसन, कालवे, चाऱ्या मागे राहतात. आपल्याला गिरणीत थानावर मजुरी मिळते, नुसता साचा उभा राहिला म्हणून कोणी दमडी देत नाही. तोच नियम तिथे लावा. बुडणाऱ्या गावाचा मोबदला आधी, आणि ठेकेदाराचा शेवटचा हप्ता शेवटच्या चारीला पाणी पोचल्यावर.

कोणी म्हणेल, करार मोडला तर वेगळे व्हा. तो वाद मोठा आहे, या पानात मावायचा नाही. पण अनुशेषावर नजर ठेवणारी वैधानिक विकास मंडळे १९९४ मध्ये मिळाली होती, त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपू दिली गेली. एवढे तरी मराठी राज्यात राहूनच विचारता येते.

पहिली मागणी साधी आहे. दर कामाच्या जागी मराठीत पाटी लावा. मूळ किंमत, आजवरचा खर्च, कर्ज किती, व्याज किती, आणि पाणी कधी. पूर्णेवरच्या नेरधामण्यापासून सुरुवात करू. तेल्हारा तालुका काही परमुलूख नाही. सुट्टीच्या दिवशी पन्नास माणूस जाऊन पाटी आहे की नाही ते पाहून येईल.