मोजणाऱ्याचे देणे

दिवाळी सरली की पनवेल परिसरातील वाड्यांवरची अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांची वाट धरतात. पावसाळ्यात तेथील मुलांचे वाचन तपासणाऱ्या संशोधकाला मार्चमध्ये त्यांतली काही मुले सापडतच नाहीत. संख्याशास्त्र त्यांना ‘नमुन्यातील गळती’ म्हणते. त्यांना वगळून काढलेली सरासरी बहुधा वास्तवाहून बरी दिसते. अशा मुलांचा माग काढणे ही शास्त्राची गरज आहे आणि समाजाचे ऋणही. शैक्षणिक संशोधनात काटेकोरपणा श्रेष्ठ की बांधिलकी, हा वाद म्हणूनच फसवा आहे.

खरा पेच तुलनेचा असतो. उपक्रमाचा गुण सिद्ध करण्यासाठी काही मुलांना त्यापासून दूर ठेवावे काय? ‘प्रथम’ संस्थेने मुंबई व बडोदे येथील पालिका शाळांत मागे पडलेल्या मुलांना शिकवण्यासाठी वस्तीतीलच तरुणी ‘बालसखी’ म्हणून नेमल्या. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आदी अर्थशास्त्रज्ञांनी २००१ ते २००३ या काळात त्याचे मूल्यमापन केले. बडोद्यात चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे निम्म्या शाळांना तिसरीसाठी, उरलेल्यांना चौथीसाठी बालसखी मिळाली. दुसऱ्या वर्षी अदलाबदल झाली. तुलना साधली आणि कोणतीही शाळा रिकाम्या हाती राहिली नाही. सर्वांत मागे असलेल्या मुलांना अधिक लाभ झाला. परंतु उपक्रम संपल्यावर वर्षभरात तो बराच ओसरला, हेही संशोधकांनी लपविले नाही. असे सांगणे ही देखील बांधिलकीच होय.

मात्र लाभ ओसरला हे आकडा सांगतो. मुलाच्या घरी काय घडले, हे सांगत नाही. त्यासाठी वस्तीत जावे लागते. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीत कार्य आरंभिले आणि पुढे ते कोसबाडला नेले. आदिवासी मूल शाळेत का येत नाही, याचे उत्तर त्यांना भावंडे सांभाळण्यात आणि गुरे राखण्यात सापडले. म्हणून अंगणवाडी पाड्यावर गेली, कुरणशाळा गुरांमागे गेली. हे निरीक्षण कोणत्याही प्रयोगाइतकेच शास्त्रीय होते.

तथापि, तळमळ हा पुरावा नव्हे. सद्हेतूने चाललेला निष्फळ उपक्रम मुलाच्या आयुष्यातील वर्षे खातो, आणि ती परत मिळत नाहीत. उलट, मुलांची उत्तरे नेऊन प्रबंध लिहिणारा आणि वाडीवर पुन्हा न फिरकणारा संशोधक कर्ज बुडविणाऱ्यासारखाच. आमच्या महाविद्यालयांतून दरवर्षी विद्यार्थी पाहणीसाठी बाहेर पडतात. त्यांना निदान एवढे तरी शिकवावे: निष्कर्ष आधी त्या मुलांच्या पालकांना त्यांच्या भाषेत सांगावेत, मग परीक्षकांना.