आठ मिनिटांचं पिठलं

या आठवड्यात पिठल्याच्या कृतीचे व्हिडिओ पाहत होते. बरेचसे ८ मिनिटं ओलांडून जेमतेम पुढे जातात. पिठलं तर त्याआधीच खदखदू लागतं! जुलै २०२० पासून यूट्यूबवर मधली जाहिरात घालायला १० ऐवजी ८ मिनिटांचा व्हिडिओ पुरतो, म्हणून ही लांबण. करणाऱ्या बायकांना मी मुळीच दोष देणार नाही; जाहिरातीचे ५५ टक्के त्यांना मिळतात आणि ते कष्टाचेच आहेत. माझा राग वेगळ्या गोष्टीवर आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेत आणि पुढच्या वर्षी इतरत्र, उत्पन्नात वाटा नसलेल्या छोट्या चॅनलांवरही कंपनी जाहिराती दाखवू लागली, त्यांना एक पैसाही न देता. हा सरळ अन्याय आहे. पाहणारे पन्नासच असले, तरी पहिल्या जाहिरातीपासून व्हिडिओ करणाऱ्या बाईला तिचा वाटा मिळालाच पाहिजे.